कॅनडातल्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावर दगड सरकवून वर्तुळात नेण्याच्या खेळाच्या, ब्रायर स्पर्धेत छोट्या प्रांतांना मोठ्यांच्या बरोबरीने जागा का? त्याने दर्जा घसरत नाही का?

द्यायलाच हवी म्हणून देतात. राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे देशातले सगळ्यांत तगडे संघ निवडून लावलेल्या लढती नव्हेत. तसल्या लढती कर्लिंगमध्ये वेगळ्या आहेत, ग्रँड स्लॅमच्या. तिथे क्रमवारी बघूनच बोलावतात. ब्रायर ही कॅनडाची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, 1927 पासूनची, आणि तिचा पहिला विजेता होता नोव्हा स्कोशिया. तोही छोटाच प्रांत.

तुम्ही लिहिलंय की पाच लाख वस्तीच्या न्यूफाउंडलंडला आणि दीड कोटीच्या घरातल्या ऑन्टारिओला सारखा मान देणं हा मोठ्यांवर अन्याय आहे. हे बोलणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय, फक्त नावं गोवा आणि महाराष्ट्र अशी असतात. म्हणून लिहायला बसलो.

मी गोव्यातल्या साखळी गावचा. चवथीच्या दिवसांत आमच्या देवळाच्या सभामंडपात कॅरमचे सामने व्हायचे, तिथून मी तालुक्याला आणि पुढे राज्याच्या संघात गेलो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्याकडून राष्ट्रीय स्पर्धेला गेलो तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. बसने बेळगाव, पुढे रेल्वे, आणि उतरल्यावर अंग आंबलेलं असतानाच पहिली लढत. समोर एका मोठ्या राज्याचा संघ. माझ्या वाट्याला त्यांचा दोन नंबरचा खेळाडू आला. पहिला सेट त्याने मला हलूच दिलं नाही. दुसऱ्यात मी मागे होतो. त्याच्या तीन सोंगट्या उरलेल्या असताना राणी घेतली, कव्हर दिलं, तो बोर्ड काढला आणि पुढचे दोनही काढले. सेट माझा. तिसरा मी हरलो, पण चुरशीने. तो खेळाडू उठला, हात मिळवला आणि ती राणी कुठल्या कोनातून मारली ते मला पुन्हा लावून दाखवायला सांगितलं.

त्यानंतर चहाच्या टेबलावर त्यांचा एक पदाधिकारी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, ‘गोवा आणि कोकण मिळून एकच संघ पाठवा हो, आमचा वेळ तरी वाचेल.’ आमचे व्यवस्थापक गप्प बसले. ते मला आजही खुपतं. आमच्याबरोबर राखीव म्हणून आलेला एक शाळकरी पोरगा ते ऐकत होता. घरी परतल्यावर तो रोज पहाटे उठून बोर्डावर पावडर टाकायचा, आणि पुढे कितीतरी वर्षं राज्याच्या संघातली त्याची जागा कोणाला घेता आली नाही. जोड-संघ असता तर त्या पोराला राखीव म्हणूनसुद्धा कोणी नेलं नसतं. गोव्याची म्हणून एक खुर्ची होती, म्हणून तो तिथे होता.

हे सगळं मी डोंबिवलीच्या भावोजींना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘माणूस बोलला ते बरोबरच.’ तेव्हापासून आमचा वाद चालू आहे.

2017 च्या मार्चमध्ये ते शिगम्याला आमच्याकडे होते. त्यांची मुलगी, माझी भाची, न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात शिकत होती आणि त्या वर्षी ब्रायर तिच्याच गावात, सेंट जॉन्समध्ये होती. अंतिम सामना आपल्याकडे होळीनंतरच्या पहाटे. ती प्रेक्षकांत दिसते का ते बघायला आम्ही दोघे उठून बसलो. कॅरम खेळलेल्या माणसाला कर्लिंग समजायला वेळ लागत नाही: आधी आडोसा लावायचा, मग आत जायचं, आणि शेवटचा दगड आपल्या हातात राहील असा हिशेब करायचा. एका बाजूला ब्रॅड गुशूचा न्यूफाउंडलंड, दुसरीकडे आदल्या वर्षीचा विजेता केविन को. दहाव्या एंडमध्ये, म्हणजे शेवटच्या डावात, 6-6. गुशूने शेवटचा दगड सोडला तो हळूच सुटला. वीस किलोला टेकलेला ग्रॅनाइटचा दगड, आणि त्याच्यापुढे गुशूचे साथीदार गॅलंट आणि वॉकर जीव तोडून बर्फ घासताहेत, अगदी वर्तुळापर्यंत. दगड पोचला. 7-6. त्या प्रांताने याआधी ब्रायर जिंकली होती ती 1976 ला, जॅक मॅकडफच्या संघाने. मध्ये 41 वर्षं गेली.

भावोजी म्हणाले, ‘अपवाद आहे.’ अपवाद कसला? गुशू पहिल्यांदा ब्रायर खेळला 2003 मध्ये, 2006 ला त्याने ट्युरिनला ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, 2007 ला ब्रायरच्या अंतिम सामन्यात हरला, आणि प्रांताचा झेंडा घेऊन परत परत येत राहिला. 2017 नंतर कप्तान म्हणून त्याने आणखी पाच ब्रायर जिंकल्या. 2022 ला ऑलिंपिकमुळे तो प्रांताच्या निवड स्पर्धेत उतरला नाही आणि वाइल्ड कार्डवर, म्हणजे क्रमवारीवरून मिळालेल्या जादा जागेवर, आला, तर प्रांताच्या जागेवर तरुण पोरांचा संघ गेला. दार उघडं असलं की पुढची फळी अशी तयार होते.

आता तुमच्या दर्जाच्या मुद्द्याकडे. वाइल्ड कार्ड आणलं होतं ते त्यासाठीच: प्रांतांच्या जागा कायम, आणि क्रमवारीतल्या वरच्या संघांना त्याशिवाय जागा. 2015 ते 2017 या काळात आयोजकांनी तळाच्या संघांना आधी पात्रता फेरी लावून बघितली. ती 2018 पासून बंद करून मुख्य स्पर्धाच 16 संघांची केली, 2021 पासून 18 ची. काही सामने एकतर्फी होतात हे खरं. मॅकडफचा संघ 1976 च्या जागतिक स्पर्धेत फार वाईट हरला, हेही खरं. तुम्हाला फक्त चुरस हवी असेल तर ग्रँड स्लॅम बघा, ब्रायरला हात लावू नका.

आणि गोवा-कोकण जोड-संघ भावोजींच्या डोक्यात अजून असेल तर त्यांनी युकॉनची हकीकत वाचावी. युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज हे कॅनडाच्या उत्तरेकडचे दोन विरळ वस्तीचे प्रदेश 2014 पर्यंत ब्रायरला एकच संघ पाठवत होते. 2015 पासून दोघांचे वेगळे संघ खेळतात. कॅनडाने जे मोडलं ते आमच्यावर लादू नका.