खापर उचलण्याआधी

बडोदे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

सातवीच्या वर्गाला बुडालेली जहाजं आणि समुद्राखालचं पुरातत्त्व शिकवायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. सुरुवात कुठून करू, असं विचारतेस. ओखामंडळापासून, म्हणजे द्वारकेच्या परिसरापासून कर. द्वारका आणि बेट द्वारका गायकवाडी मुलखात होती, हे बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मुलांनाही आता ठाऊक नसतं. १९८०च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पाणबुडे तिथे उतरले. त्यांचे प्रमुख एस. आर. राव, सिंधू संस्कृतीतल्या लोथलचं उत्खननही त्यांनीच केलेलं. पाण्याखाली दगडी बांधकामाचे अवशेष मिळाले आणि जहाजं थांबवायचे दगडी नांगर मिळाले. त्यातला तिकोनी नांगर फळ्यावर मोठा काढ. वर एक भोक दोराला, खाली दोन भोकं लाकडी दांडे बसवायला, म्हणजे ते तळात रुततात.

लगेच कोणीतरी विचारेल, "बाई, ही कृष्णाची द्वारका का?" हो म्हणून मोकळी होऊ नकोस आणि मुलाला गप्पही करू नकोस. घरी आजीकडून ऐकलेलं घेऊन तो आलेला असतो, त्याचा मान राख. मग विचार, नांगर आपल्याला काय सांगतो? इथे जहाजं थांबत होती, एवढं नक्की सांगतो. कोणत्या काळात, हे एकटा दगड सांगू शकत नाही, कारण त्याच घडणीचे नांगर शतकानुशतकं वापरात होते.

खंभातच्या आखाताचं उदाहरण आपल्याला याहून जवळचं. आपली मही नदी तिथेच समुद्राला मिळते. २००१ मध्ये तिथे बुडालेलं शहर सापडल्याची बातमी गाजली. तळातून ओढून काढलेल्या वस्तूंत लाकडाचा एक तुकडा होता. त्याचं वय साडेनऊ हजार वर्षांच्या आसपास निघालं आणि लोकांनी ते शहरालाच लावलं. पण तुकडा नेमका कशाला लागून, कोणत्या थरात पडला होता, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. त्या आखाताची भरती-ओहोटी एवढी जबर की तळातल्या वस्तू कुठच्या कुठे जातात. लाकडाचं वय ते लाकडाचं वय. बारा वर्षांच्या मुलाला हे समजतं, त्याला संधी मात्र द्यायला हवी.

म्हणून मोठे दोन टब घे. तळाला वाळू, वर माती कालवलेलं गढूळ पाणी. वाळूत सारख्याच वस्तू सारख्याच जागी पूर. एका बाजूला खापराचे तुकडे, त्यांच्याखाली कौलाचा तुकडा, दुसऱ्या टोकाला किल्ली आणि बांगडीची काच. टबावर दोऱ्यांची चौकट बांध, चौकोनांना आकडे दे. एका गटाने हाताने चाचपून वस्तू थेट बाहेर काढायच्या. दुसऱ्या गटाने आधी कागदावर कुठे काय लागतंय ते काढायचं, मगच उचलायचं. प्रत्येकाला एकच मिनिट, कारण पाणबुड्याला वेळ थोडाच मिळतो. शेवटी दोन्ही गटांना सांग, टब म्हणजे बुडालेलं जहाज समजा आणि त्यावर काय कुठे ठेवलं होतं ते सांगा. पहिल्या गटाकडे वस्तू सगळ्या असतील, तरी त्यांना सांगता येणार नाही. तू स्वतः काही समजावू नकोस, त्यांनाच भांडू दे.

त्यानंतर तुर्कस्तानातल्या उलुबुरुनची हकिगत सांग, आता ती त्यांना पोचेल. १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याने तळाशी "कान असलेली धातूची बिस्किटं" पाहिली. ती तांब्याच्या लाद्या निघाल्या, जहाज सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचं. १९८४ ते १९९४ अशी अकरा वर्षं उत्खनन चाललं, बावीस हजारांहून जास्त बुड्या मारल्या गेल्या. एका बुडीत तळाशी काम वीसेक मिनिटंच. दहा टन तांबं आणि एक टन कथिल त्यांनी याच धीराने नोंदून वर आणलं.

वर आणलेलं लाकूड कसं टिकवतात, ते वेळ उरला तर घे. स्वीडनचं वासा जहाज १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालं आणि १९६१ मध्ये वर काढलं. नुसतं वाळू दिलं असतं तर लाकूड आक्रसून फाटलं असतं, म्हणून त्यावर सतरा वर्षं रसायनाचे फवारे मारले. सातवीला एवढं पुरे.

विजळीसाठी मात्र अख्खा तास राखून ठेव. 'वैतरणा' ही आगबोट. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला विजळी म्हणत. नोव्हेंबर १८८८ मध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून जास्त माणसांसह नाहीशी झाली. तिचे अवशेष आजतागायत सापडलेले नाहीत. वर्गातल्या गुजराती घरच्या मुलांनी ही गोष्ट ऐकलेली असेल, आधी त्यांना सांगू दे. बोट बुडाली म्हणजे घरंच्या घरं बुडाली, हे मुलांच्या मनात उतरल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. सोनं किती होतं, या प्रश्नाला त्या तासाला जागा देऊ नकोस.

मग वहीत एक प्रश्न लिहायला दे: विजळी शोधायची झाली तर पाण्यात उतरण्याआधी तुम्ही काय काय वाचाल, आणि कोणाकोणाला भेटाल? कोणी बंदरातल्या नोंदी लिहील, कोणी मच्छीमारांची नावं काढेल. उत्तरं तपासून झाली की वह्या घेऊन घरी ये, मला वाचायच्या आहेत.

तुझ्या
बाई