वडिलांना एकदा छातीवर शॉक दिला होता, आता पल्स्ड फील्ड ॲब्लेशन सुचवले आहे. हा तोच शॉक का?

आपण साताऱ्याहून विचारले आहे की, एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील गोंधळामुळे ठोके अनियमित होणे) वडिलांना शॉक देऊनही ठोके पुन्हा बिघडले, आणि आता पुण्याचे डॉक्टर विजेनेच हृदयाचा थोडा भाग निकामी करू म्हणतात, तर त्याने हृदय भाजणार नाही का. मी डॉक्टर नाही. सांगली-मिरजेतील रुग्णालयांत यंत्रांची देखभाल करतो, आणि डिफिब्रिलेटर, म्हणजे छातीवर शॉक देणारे यंत्र, तपासणे हे माझे नेहमीचे काम असल्याने विजेच्या बाजूने सांगतो.

छातीवरचा शॉक काही मिलिसेकंदांचा असतो व सगळ्या हृदयातून एकदम जातो. त्याने ठोके लयीवर येतात, परंतु गोंधळ जिथून उठतो ती जागा तशीच राहते. ती बहुधा फुप्फुसांकडून डाव्या कर्णिकेत (हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात) येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असते, हे फ्रान्समधील हायसागेर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले. नव्या पद्धतीत, म्हणजे पल्स्ड फील्ड ॲब्लेशनमध्ये, जांघेतील शिरेतून कॅथेटर ही बारीक नळी तिथवर नेतात. काही कॅथेटरांचे टोक शिरेच्या तोंडाशी फुलाच्या पाकळ्यांसारखे उघडते, आणि त्यावरील इलेक्ट्रोडमधून एक-दोन हजार व्होल्टचे, मायक्रोसेकंदांत मोजावे लागणारे स्पंद सोडतात. हा आकडा ऐकून आमच्याकडची नवी मुलेही दचकतात. पण स्पंद इतके आखूड असतात की उष्णता फारशी साठतच नाही. स्नायुपेशींच्या पटलाला सूक्ष्म छिद्रे पडतात, ती बुजत नाहीत आणि पेशी मरते.

ॲब्लेशनच्या जुन्या पद्धतींतली रेडिओफ्रिक्वेन्सीची उष्णता किंवा क्रायोची थंडी स्नायू आणि शेजार यांत भेद करत नाही, आणि डाव्या कर्णिकेच्या अगदी पाठीशी अन्ननलिका आहे. स्पंदांना हृदयाचा स्नायू तिच्यापेक्षा लवकर बळी पडतो. माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल इथेच आहे, कारण ठोके लयीत राहण्याच्या बाबतीत २०२३ च्या ॲडव्हेंट चाचणीत ती जुन्या पद्धतींपेक्षा कमी पडली नाही, एवढेच दिसले.

धोका अजिबात नाही असे मात्र समजू नये. कोरोनरी धमनीजवळ (हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी) स्पंद दिल्यास ती आकसू शकते; स्पंद फार झाले तर तांबड्या पेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून वडिलांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले असेल तर ते आधीच सांगा, आणि नंतर लघवी लालसर दिसली तर लगेच कळवा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मधूनमधून धडधड झाली तरी उपचार फसला असे धरत नाहीत. रक्त पातळ करणारी गोळी मात्र, ठोके कितीही सुरळीत वाटले तरी, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नका.