मांस न खाणारा पुरुष कमी मर्द असतो का?

अजिबात नाही. स्नायू वाढायला लागतात प्रथिनं आणि व्यायामाचा ताण. ती प्रथिनं कडधान्यांतून आली की मांसातून, याच्याशी स्नायूंना देणंघेणं नसतं. सोयाबीनने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटतं ही भीतीही अभ्यासांत टिकलेली नाही. अमेरिकन धावपटू कार्ल लुईसने १९९१ साली टोकियोत १०० मीटर ९.८६ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला, तेव्हा तो दूधही वर्ज्य करून फक्त वनस्पतीजन्य आहारावर होता. (अशा आहारात बी-१२ जीवनसत्त्व मात्र वेगळं घ्यावंच लागतं.)

खरा जाच ताटाबाहेरचा. चार मित्र जेवायला बसतात, एकजण भाजी मागवतो, की लगेच ‘काय रे, बायकोनं बंदी घातली का?’ सुरू. मग मनात नसतानाही तो मांस मागवतो. कुणी आवडीने खावं, खुशाल खावं; पण हे हिणवणं मला अजिबात खपत नाही.