शाळेच्या इमारतीची दुरुस्ती आणि महापालिकेची परवानगी

प्रश्न : आमच्या संस्थेची प्राथमिक शाळा सांगलीच्या गावभागात, कृष्णेपासून जवळच आहे. इमारत विटा-चुन्याची, सागवानी खांबांची आणि मंगलोरी कौलांची असून २०१९ व २०२१ या दोन्ही महापुरांत तळमजला पाण्यात होता. येत्या उन्हाळी सुट्टीत कौले उतरवून स्लॅब टाकणे, कुजलेले खांब बदलणे, गिलावा व फरशी नव्याने करणे आणि मागील मोकळ्या जागेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधणे असा विचार आहे. डागडुजीला परवानगी लागत नाही, असे ठेकेदार सांगतात. ते बरोबर आहे का? (संस्थेचे सचिव, सांगली)

उत्तर : गिलावा आणि फरशी यांपुरते ते बरोबर आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४३ मध्ये केवळ अंतर्भागापुरती असलेली किंवा इमारतीच्या बाह्यरूपात विशेष फरक न पाडणारी देखभालीची कामे परवानगीच्या अटीतून वगळलेली आहेत. फुटकी कौले काढून त्याच जागी तशीच कौले बसवणे, रंगकाम, गिलावा ही कामे त्यात मोडतात. मात्र कौलांच्या जागी स्लॅब आला की छपराचा प्रकार, उंची आणि भिंतींवरील भार हे सारेच बदलते, आणि स्वच्छतागृह तर सरळसरळ नवे बांधकाम आहे. या दोन्ही कामांसाठी कलम ४४ खाली अर्ज करून कलम ४५ खालील प्रारंभ प्रमाणपत्र हाती येईपर्यंत काम सुरू करू नये. खांब इमारतीचा भार वाहतात, म्हणून त्यांचे कामही याच प्रस्तावात दाखवावे, असा माझा आग्रह आहे.

परंतु नगररचना विभागाकडे जाण्यापूर्वी महापालिकेकडे नोंदणीकृत असलेल्या संरचना अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करून घ्या. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची अशी तपासणी करून प्रमाणपत्र महापालिकेला सादर करणे मालकावर किंवा भोगवटादारावर बंधनकारक आहे, आणि त्यानंतर दर १० वर्षांनी ते पुन्हा द्यावे लागते. ही तपासणी बाहेरून पाहून होत नाही. पुरात उभ्या राहिलेल्या सागवानी खांबाचा वरचा भाग ठणठणीत दिसतो, पण दगडी तळखड्यावर टेकलेल्या बुंध्यात पेचकस टोचला तर तो कधी कधी दोन बोटे आत जातो. लोणा लागलेल्या भिंतीचा खालचा हातभर भाग खरवडला की चुना भुकटी होऊन हातात येतो. अशा भिंतींवर पाच इंची स्लॅब टाकण्याच्या विचाराचीच मला काळजी वाटते, कारण त्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला ३०० किलोंच्या पुढे जाते आणि कौलारू छपराचे त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतके असते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप अनुभवलेल्या या टापूत जुन्या चुन्याच्या भिंतींच्या डोक्यावर एवढे वजन चढवण्यापेक्षा वासे-तुळया बदलून कौलेच पुन्हा बसवणे शहाणपणाचे ठरेल. तसे केल्यास खर्च कमी होईल आणि परवानगीचा प्रस्तावही पुष्कळ सोपा होईल. गिलाव्याबाबतही एक सांगायला हवे : चुन्याच्या ओल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर ओल आतच कोंडते आणि थोड्याच काळात पोपडे सुटू लागतात. चुन्याचाच गिलावा करावा आणि त्याआधी भिंत पुरेशी वाळू द्यावी.

स्वच्छतागृहाची जागा ठरवण्याआधी ती पूररेषेच्या नकाशावर कोठे येते, हे लेखी विचारून घ्या. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नव्या बांधकामास मनाई आहे, तर निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच ठेवण्याची अट आहे. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते, हे आठवले की ही अट जाचक वाटणार नाही. मागील जागा मनाईच्या पट्ट्यात निघाली, तर इमारतीतील एखादी खोली कमी करून तेथे स्वच्छतागृह बसवता येईल का, हे वास्तुविशारदाकडून तपासून घ्यावे. मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह ही शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातील अट असल्याने ते काम मात्र रद्द करू नका.

अर्ज परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फतच दाखल होतो. त्यासोबत सिटी सर्व्हेचे मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशा, घरपट्टी भरल्याची पावती, संस्थेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र, कार्यकारी मंडळाचा ठराव आणि संरचना अभियंत्याचा अहवाल जोडावा. नकाशात पाडायचा भाग पिवळ्या आणि नवा भाग लाल रंगाने दाखवलेला आहे ना, हे स्वतः पाहावे. जुना मंजूर नकाशा बहुतेक संस्थांकडे सापडत नाही. महापालिका १९९८ मध्ये स्थापन झाली, त्यामुळे आपला नकाशा सांगली नगरपालिकेच्या काळातील दप्तरात असू शकतो. त्याच्या प्रमाणित प्रतीसाठी आधी साधा अर्ज करावा, आणि उत्तर न आल्यास माहिती अधिकारात मागावा, त्यात ३० दिवसांची मुदत आहे.

परिपूर्ण प्रस्तावावर निर्णय देण्यासाठी कायद्याने ६० दिवस दिले आहेत, पण त्रुटीचे एक पत्र आले तरी सुट्टीचा मुहूर्त हुकतो. म्हणून मे महिन्यात काम करायचे असेल, तर कागद दिवाळीच्या सुमारास तयार असावेत. प्रारंभ प्रमाणपत्र १ वर्ष चालते आणि त्याचे नूतनीकरण करता येते, तेव्हा लवकर अर्ज केल्याने काहीच बिघडत नाही. कामासाठी कर्ज काढणार असाल, तर सार्वजनिक न्यासाला धर्मादाय आयुक्तांची पूर्वमान्यता लागू शकते, ती लागते का हे आधी विचारून घ्या आणि तो वेळही हिशेबात धरा.

प्रश्न : मिरजेत आमची शाळा भाड्याच्या इमारतीत आहे. छप्पर गळते, पण घरमालक दुरुस्तीही करत नाहीत आणि अर्जावर सहीही देत नाहीत. (मुख्याध्यापिका, मिरज)

उत्तर : इमारत सुस्थितीत ठेवणे हे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घरमालकांचे कर्तव्य आहे. आपल्या भाडेकराराला हा कायदा लागू असल्याची वकिलाकडून खात्री करून घ्या आणि त्यांना १५ दिवसांची लेखी नोटीस पोचपावतीसह द्या. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर संस्थेला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र एका वर्षात वार्षिक भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. गळती थांबवण्याचे काम एवढ्यात भागते. परवानगी लागणारे काम मात्र मालकाच्या संमतीवाचून करू नये.

प्रश्न : वरच्या मजल्याचे छप्पर उतरवण्याचे काम चालू असताना खालच्या वर्गांत मुले बसवली जातात. पालक म्हणून आम्ही काय करू शकतो? (पालक, कुपवाड)

उत्तर : आधी मुख्याध्यापकांना लेखी पत्र देऊन संरचना अभियंत्याचा अहवाल पाहायला मागा. धोकादायक इमारतींच्या वर्गीकरणात ‘सी-२ अ’ असा शेरा असेल, तर इमारत रिकामी करूनच दुरुस्ती करायची असते. ‘सी-२ ब’ असेल तर इमारत रिकामी न करता दुरुस्ती चालते, परंतु ज्या भागावर काम चालू आहे त्याच्याखाली मुले बसवण्याची मुभा त्यातून मिळते, असे मी मानत नाही. कुंभकोणमच्या शाळेत २००४ मध्ये आगीत ९४ मुले दगावल्यानंतर, सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ च्या निकालात स्पष्ट केले आहे. शाळा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. समितीची बैठक तातडीने बोलावून काम संपेपर्यंत वर्ग दोन सत्रांत किंवा जवळच्या दुसऱ्या शाळेत भरवण्याचा ठराव करून घ्या, आणि त्याची प्रत शिक्षणाधिकारी व महापालिका आयुक्त यांना त्याच दिवशी पाठवा.