‘रिलेटिव्ह वर्क’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे: स्कायडायव्हिंगच्या, म्हणजे पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारण्याच्या खेळाच्या, सुरुवातीच्या काळावरच्या एका लेखाचं भाषांतर चाललंय. त्यातल्या ‘रिलेटिव्ह वर्क’साठी ‘सापेक्ष कार्य’, ‘फॉर्मेशन स्कायडायव्हिंग’साठी ‘समूह-उडी’ आणि ‘एट-मॅन स्टार’साठी ‘आठ जणांचा मनोरा’ असं केलंय. चालेल का?

‘सापेक्ष’ बरोबर आहे, घोटाळा ‘कार्य’ने केलाय. (‘नातेवाइकांचं काम’ झालं नाही हे नशीबच.) हा ‘सापेक्ष’ शाळेतल्या सापेक्ष वेगातला. पोट जमिनीकडे करून, हातपाय पसरून पडणारा माणूस ताशी साधारण १९० किलोमीटर वेगाने खाली येतो. शेजारचाही तेवढ्याच वेगाने येत असेल, तर एकमेकांना दोघे जागच्या जागीच दिसतात. म्हणून तर हात धरता येतो. एकाने हातपाय आखडले की तो खाली सटकतो, अंग पसरलं की मागे राहतो. दुसऱ्याच्या मानाने आपला वेग असा जुळवत राहायचं, हेच ते ‘वर्क’. त्याला मी ‘कसरत’ म्हणेन. ‘कार्य’ म्हटलं की मला मांडव दिसतो.

आधी मुळात स्थिर पडताच येत नसे. माणूस गरगरत खाली जाई. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या लिओ व्हालांतँ यांनी हातपाय पसरून, पाठीला बाक देऊन पडायची पद्धत बसवली. मग दुसऱ्याला गाठणं सुचलं. १९५८ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह स्नायडर आणि चार्ली हिलार्ड यांनी पडता पडता एकाच्या हातातलं बॅटन दुसऱ्याच्या हातात दिलं. पहिलेपणावर इतरांचाही दावा आहे. बॅटनला ‘दांडकं’ करू नका, रिले शर्यतीमुळे ‘बॅटन’ सगळ्यांना ठाऊक आहे.

आता ‘स्टार’. ऑक्टोबर १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्विनला आठ जणांनी हवेत हातात हात गुंफून कडं केलं. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: फेर. भोंडल्यात धरतात तोच. एकेक जण येतो, दोघांच्या मध्ये हात घालतो, फेर मोठा होतो. शेवटी येणाऱ्याचं काम सगळ्यांत कठीण. तो विमानातून उशिरा सुटलेला, म्हणून सूर मारून अंतर कापायचं आणि जवळ येताच वेग कमी करायचा. नाही केला तर फेर मोडलाच. फेरात आठवा किंवा त्यानंतर शिरणाऱ्यासाठी तर वेगळा सन्मानच निघाला. आर्विनच्या फेराची छायाचित्रं काढणारे बॉब ब्यूकॉर १९६६ मध्ये गेले. आठ जणांच्या फेराचा ‘स्टार क्रेस्ट’ हा मूळ सन्मान त्यांच्याच नावाने बिल न्यूएल यांनी सुरू केला.

यावरूनच ‘समूह-उडी’ का नको ते कळेल. दहा जण एकाच विमानातून उतरून दहा दिशांना पांगले तरी ती समूह-उडीच झाली की! इथे उडीनंतर जे जमवायचं असतं त्याला महत्त्व आहे. स्कायडायव्हर शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी नेसून उडी मारली, तेव्हा मराठीला ‘उडी’ पुरली, कारण ती एकटीची होती. फॉर्मेशनला ‘रचना’ म्हणा. ‘व्यूह’ लढाईचा वाटतो आणि ‘संरचना’ सरकारी.

एक खबरदारी: १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीत वारेनडॉर्फला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली तीही ‘रिलेटिव्ह वर्क’चीच, ‘फॉर्मेशन स्कायडायव्हिंग’ हे नाव नंतर रुळलं. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतल्या माणसांच्या तोंडी जुनाच शब्द ठेवा. पहिल्यांदा येईल तिथे ‘रिलेटिव्ह वर्क, म्हणजे पडता पडता एकमेकांशी वेग जुळवण्याची कसरत’ एवढं लिहा, पुढे नुसतं ‘रिलेटिव्ह वर्क’.

आणि तो मनोरा तेवढा काढाच. त्याला थर लागतात, आणि खालच्या थराला पाय टेकायला जमीन.