ह्यूगो या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरने केलेल्या साइटवर 'पाककृती'च्या आत 'उपवास' फोल्डर केलं, पण त्याचं स्वतंत्र पान का उघडत नाही?

'उपवास' फोल्डरमध्ये _इंडेक्स.एमडी नावाची फाइल टाका (नाव अर्थात रोमन लिपीतच), पान उघडेल. साइटचा मजकूर ठेवायच्या 'कंटेंट' फोल्डरच्या थेट आतलं फोल्डर ह्यूगो आपोआप विभाग (सेक्शन) धरतो आणि त्याचं पान बनवतो. त्याच्याही आतल्या फोल्डरला मात्र ही फाइल लागतेच, आत मजकूर नसला तरी चालतं. अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये 'सेक्शन्स'खाली हा नियम दिलाय. फाइलच्या नावातली सुरुवातीची अंडरस्कोर (_) तेवढी विसरू नका, खरा घोळ तिथेच होतो: ती नसली की अख्खं फोल्डर मिळून एकच पान ठरतं आणि साबुदाणा खिचडी, वरीचे तांदूळ यांची वेगळी पानं तयारच होत नाहीत. एवढं करूनही पान आलं नाही, तर तुमच्या थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल्समध्ये) लिस्ट टेम्प्लेट, म्हणजे विभागाच्या पानाचा साचा, आहे का बघा. नसेल तर टर्मिनलवर तशी वॉर्निंग दिसते.