आमचं पोरगं दिवसभर मातीत असतं, मागे तर नाही ना पडणार?

"मॅडम, जाऊबाईंचा मुलगा नाशकात नर्सरीला जातो, त्याला एबीसीडी येते, कलर येतात, शेप्स पण इंग्लिशमध्ये सांगतो. आणि आमचा बघा, दिवसभर मातीत. आम्हाला त्याच्याकडे बघायलाच वेळ नाही हो. मागे पडेल का तो?"

मुलांच्या वाढीबद्दल पालकांशी बोलणं हे माझं काम, आणि शेतकरी घरातल्या आया मला हा प्रश्न सारखा विचारतात. कधी जाऊबाईंच्या जागी नणंद असते आणि नाशिकच्या जागी पुणे, बाकी सगळं तेच. ही ताई निफाड तालुक्यातली, वस्तीवर राहणारी. द्राक्षाची बाग, थोडा कांदा, दोन गाई, शेळ्या, सासू-सासरे, नवरा आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. ओळखू येईल असं सगळं मी बदललंय, मुलाला घरात लाडाने पिल्या म्हणतात असं समजा.

आली तेव्हा ऑक्टोबरची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची, झालेली, बाग फुटत होती आणि वर ढगाळ हवा. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, ढगाळ हवा म्हणजे डावणी या बुरशीरोगाची भीती आणि फवारणीमागून फवारणी. नवरा ब्लोअरवर, म्हणजे फवारणीच्या यंत्रावर, सासरे मजुरांच्या मागे, हिच्याकडे स्वयंपाक, गाईंच्या धारा आणि बागेतली फेलफूट, म्हणजे नको असलेले फुटवे, काढायचं काम. त्यात रात्री निवांत फोन हातात घेतला की जाऊबाईंचं स्टेटस, पोरगं फॅन्सी ड्रेसमध्ये, पोरगं फ्लॅशकार्ड वाचतंय, पोरगं स्विमिंगला. स्वतः बी.कॉम. झालेली, माहेर शहरातलं, त्यामुळे "मी शिकलेली असून माझ्या मुलाला काही देऊ शकत नाही" हे तिच्या मनात घट्ट बसलेलं. बोलता बोलता डोळ्यात पाणी.

मी तिला विचारलं, सकाळपासून पिल्या काय काय करतो ते सांगा.

"काही नाही हो, खेळतो नुसता."

म्हटलं, काय खेळतो? मग हळूहळू यायला लागलं. सकाळी उठल्या उठल्या गोठ्यात, कालवड चाटते म्हणून हात पुढे करून उभा राहतो आणि चाटलं की ओरडत पळतो, परत येतो. कोंबडीने अंडं घातलं का बघायला आजीच्या आधी हजर. नानांनी, म्हणजे आजोबांनी, दारं धरलं, पिकाला पाणी सोडलं, की हा पाटात काड्या सोडतो आणि कुठली पुढे जाते बघत बांधावरून पळतो. दुपारी आजी कांदाचाळीत कांदा निवडायला बसली की हा पण पाट घेऊन बसतो, मोठा एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, सडका बाहेर. "आणि मॅडम, जोड कांदा सापडला ना की मुठीत धरून माझ्याकडे पळत येतो, म्हणतो, आई, याला भाऊ आहे." हे सांगताना ती हसली. मघापासून पहिल्यांदाच.

मी तिला तिथेच थांबवलं. साडेतीन वर्षांचं पोर शेकडो कांद्यांतून आकार बघून ढीग वेगळे करतंय, चांगला-सडका ओळखतंय, जोड कांदा बघून त्याच्या मनात भाऊ येतोय. शहरातल्या नर्सरीत याच कामासाठी प्लास्टिकचे लाल-पिवळे तुकडे आणतात आणि त्याला सॉर्टिंग ॲक्टिव्हिटी म्हणतात, फी भरून. गणिताची सुरुवात अंक म्हणण्याने होत नाही, लहान-मोठं, सारखं-वेगळं, जास्त-कमी कळण्याने होते. एक ते शंभर घडाघडा म्हणणारं पण "तीन चमचे आण" म्हटलं की मूठभर घेऊन येणारं पोर मी भरपूर पाहिलंय.

आणि हे मी माझ्या मनचं सांगत नाहीये. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, नंतर कोसबाडला काम नेलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. मॉन्टेसरीची साधनं महाग, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, दगड, पानं असं आसपासचंच सामान वापरलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. आज आपण अंगणवाडी म्हणतो तो विचार तिथला. आणि आज आपल्याच शेतकरी घरात अंगणातलं सगळं सोडून फ्लॅशकार्ड ऑनलाइन मागवतात, काय बोलायचं!

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचना पण तिला सांगितल्या, कारण "तज्ञ काय म्हणतात" हे तिला हवंच होतं. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून निदान तीन तास हालचाल केली पाहिजे, त्यातला तासभर चांगलं धापा टाकायला लावणारी, झोप दहा ते तेरा तास आणि स्क्रीन एक तासाच्या वर नाही, कमी असेल तर उत्तमच. पहिल्या दोन गोष्टींत पिल्या पास. फ्लॅटमधल्या आया त्या तीन तासांसाठी क्लास शोधत फिरतात.

तिसऱ्या गोष्टीत मात्र ती गप्प झाली. फवारणी चालू असताना पोरगं मध्ये मध्ये येऊ नये म्हणून फोन देऊन पडवीत बसवायचे, संपेपर्यंत. जेवताना पण फोन. मग रात्री काढून घेतला की रडारड, आणि ती रडारड बघून हिला वाटायचं की आपलं पोरगंच हट्टी. आता शेतीत पोरगं कुठेतरी सुरक्षित बसलं पाहिजे ही गरज खरी आहे, त्यासाठी आईला दोषी धरणाऱ्यांचा मला राग येतो. पण ते बसणं फोनशिवाय जमवता येतं का यावर आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी ठरलं ते साधं होतं. फवारणीच्या वेळेत पिल्या आजीसोबत चाळीत किंवा घरात, बागेपासून लांब, आणि आजीच्या हाताखाली त्याचं "काम" ठरलेलं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं, वाल निवडणं. काम दिलं की ही पोरं इतकी शहाणी होतात ना, कारण त्यांना खेळण्यापेक्षा घरातल्या कामात भाग हवा असतो.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते, कारण "गावाकडचं बालपण किती छान" असं म्हणणारे लोक ती बोलत नाहीत. शेत ही मुलासाठी सुंदर जागा आहे आणि धोक्याची पण. मी तिला विचारलं, फवारणीची औषधं कुठे ठेवता? म्हणाली पडवीतल्या फळीवर, आणि उरलेलं कधी कधी कोल्ड्रिंकच्या बाटलीत. माझ्या अंगावर काटाच आला. मुलाला लेबल वाचता येत नाही पण बाटली ओळखता येते! औषध नेहमी मूळ डब्यातच आणि कुलपात. डब्यावरचा त्रिकोण बघायचा, लाल असेल तर सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, पण हिरवा आहे म्हणजे पोराच्या हाताला लागला तर चालेल असं नाही. फवारून आलेल्या बापाने आधी कपडे बदलायचे, साबणाने हात-तोंड धुवायचं, मगच पोराला उचलायचं, ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत. पोर कितीही "पप्पा पप्पा" करत आलं तरी. कधी तोंडात गेलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, डबा सोबत घेऊन सरळ दवाखाना.

शेततळं हा दुसरा विषय. आतला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पोहता येणारा मोठा माणूस पण वर येऊ शकत नाही, तिथे पोराचं काय. कुंपण, कुलूप लावलेलं फाटक आणि आत दोर सोडलेला, हे पाहिजेच. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोराला बसवून चक्कर मारणं सगळ्यांनाच गोड वाटतं, पण ती जागा बसायची नाहीच. बंद ट्रॅक्टरवर बसवा ना, स्टिअरिंग फिरवू द्या, तोंडाने आवाज काढू द्या, त्याला तेवढाच आनंद होतो. आणि निफाडकडच्या लोकांना बिबट्याचं वेगळं सांगायला नको, संध्याकाळनंतर उसाच्या कडेला एकटं पोर सोडायचं नाही, अंधारात लघवीला सुद्धा कोणीतरी सोबत.

एवढं केलं की मग मातीत खुशाल लोळू द्या. चप्पल घाला, जेवायच्या आधी हात धुवा, जंताची गोळी सरकारी दवाखान्यातून किंवा अंगणवाडीतून वेळच्या वेळी द्या.

राहिला "वेळ नाही" हा मुद्दा. तिचं म्हणणं होतं की क्वालिटी टाइम देता येत नाही. मी विचारलं, धार काढताना तो कुठे असतो? "शेजारीच." भाकरी करताना? "समोरच, पिठाचा गोळा घेऊन." अहो मग वेळ अजून कसा असतो? त्यासाठी वेगळा तास काढून समोरासमोर बसायची गरज नाही. मूल काहीतरी दाखवतं, विचारतं, तेव्हा हातातलं काम चालू ठेवून त्याला उत्तर द्यायचं आणि एक प्रश्न परत विचारायचा, बस. "याला भाऊ आहे" म्हणाला की "हो का, मग यांची आई कुठे असेल?" एवढंच. नुसतं "हं, हं" करत राहिलं की मात्र पोर थोड्या दिवसांनी दाखवणं बंद करतं. भाषा अशीच येते, आणि ती आपल्या बोलीतच यायला हवी. "म्या" म्हणतो म्हणून त्याला सारखं टोकू नका, आजी म्या म्हणते म्हणून तो म्हणतो, शाळेत गेला की "मी" पण म्हणेल.

घरी करायला तिला एकच गोष्ट दिली. रोज रात्री झोपायच्या आधी पिल्या त्या दिवशी काय मजेशीर बोलला किंवा त्याने काय केलं, ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवायचं, मिनिटभर. स्टेटस बघायच्या आधी. मला पाठवायची गरज नव्हती पण तिने काही पाठवले. एकात मागे कुत्रं भुंकतंय आणि ही हळू आवाजात सांगतेय की आज पिल्याने कालवडीला स्वतःची टोपी घातली, तिला थंडी वाजते म्हणून, आणि ती टोपी तिने खाल्ली, आता रडतोय पण टोपीसाठी नाही, कालवडीच्या पोटात दुखेल म्हणून. दुसऱ्यात नवऱ्याचा आवाज पण आहे, तोच सांगतोय, रात्री लाइट आली म्हणून पाणी भरायला निघालो तर हा उठून बसला, म्हणे पप्पा मोटारला झोप नाही का. दोघंही हसताहेत. नवराबायको पोराबद्दल एकत्र हसले की माझं अर्धं काम झालेलं असतं, हे माझं ठाम मत आहे, कारण तिच्या चिंतेतला मोठा भाग अभ्यासाचा नव्हताच, ती एकटी पडली होती. सगळे राबतात आणि रात्री कोणी कोणाशी बोलत नाही, असं ते घर झालं होतं.

आता कोणी म्हणेल, मग काहीच काळजी करायची नाही का? करायची, पण बरोबर गोष्टीची. तीन वर्षांचं मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, चार वर्षांच्या मुलाचं बोलणं बाहेरच्यांना बहुतेक कळतच नसेल, हाक मारली तरी वळून बघत नसेल, नजरेला नजर देत नसेल, किंवा आधी येणारे शब्द बंद झाले असतील, तर "बोलेल उशिरा, याचे वडील पण उशिरा बोलले" असं म्हणत थांबू नका. आधी कान तपासा, मग बालरोगतज्ज्ञ. र आणि ळ नीट न येणं या वयात चालतं.

शाळेचं म्हणाल तर नवीन शैक्षणिक धोरणात, 2020 च्या, तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय, त्यात खेळातून शिकणं आणि घरची भाषा यावर भर आहे, आणि पहिलीला प्रवेश सहा वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे पिल्याला भरपूर वेळ आहे. वस्तीजवळची अंगणवाडी सुरू केली, सकाळचे दोन-तीन तास. तिथे सारख्या वयाची पोरं मिळतात, आणि वस्तीवरच्या एकट्या मुलाला खरी कमी असते ती याचीच. जाऊबाईंची पोरं पण दिवाळीत आली होती म्हणे, चार दिवस कांदाचाळीतून उठायलाच तयार नव्हती, निघताना मोठ्याने भोकाड पसरलं.

परवा तिचा पुन्हा फोन. मी विचारलं, काय हो, एबीसीडी? म्हणाली, "नाही मॅडम, ते जाऊ द्या. शेळी व्यालीय, आणि हा म्हणतो करडू अंगणवाडीत नेणार, त्याचं पण नाव घाला. दोन दिवस झाले ऐकत नाहीये, काय सांगू?"

म्हटलं, सेविकाबाईंना विचारा, एक दिवस आणलं तर सगळ्याच पोरांची चंगळ होईल. लेंड्या मात्र तुम्ही झाडायच्या.